परसातला दुधी : आधी चाखा, मग शिजवा

ऑगस्ट संपत आला की आमच्या घरी रोज सकाळी एकच प्रश्न येतो, "आज पण दुधीच?" विचारणारा कधी मुलगा असतो, कधी मुलगी, आणि कधी कधी तर यजमानसुद्धा. मी उत्तर देत नाही. मागचं दार उघडते आणि जिन्याकडे बोट दाखवते. तिथे चार दुधी लोंबत असतात, आणि दोन दिवसांत काढले नाहीत तर ते जून होणार असतात.

आम्ही मूळचे बडोद्याच्या दांडिया बाजारातले, वाड्यात राहणारे. वाडा पाडायचं ठरलं तेव्हा मांजलपूरला टेनामेंट घेतलं. मागे चार हात मोकळी जागा, कंपाउंडची भिंत आणि गच्चीवर जाणारा लोखंडी जिना, एवढीच आमची शेती. पण सासूबाईंना तेवढी पुरली. सामान लागायच्या आधीच त्यांनी जिन्याच्या पायथ्याशी दुधीच्या बिया टोचल्या. त्या बिया वाड्यातल्या विहिरीजवळच्या वेलाच्या होत्या, आणि तो वेल त्यांच्याही सासूबाईंनी लावलेला होता. बिया राखेत घोळवून, औषधाच्या जुन्या बाटलीत भरून, फडताळात वरच्या कप्प्यात ठेवलेल्या असायच्या. बाटलीवर चिठ्ठी नव्हती. तिची गरजच नव्हती, त्या बाटलीला कुणी हात लावत नसे.

आईंची एक सवय होती. दुधी विळीवर घेतला की आधी देठाकडचा एक पातळ काप काढायच्या, तोंडात टाकून चावायच्या, "गोड आहे" म्हणायच्या आणि मगच बाकीचा चिरायच्या. एकदाही चुकायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला हसू यायचं. एकदा विचारलंही, "आई, दुधी काय आंबा आहे का, गोड की आंबट बघायला?" त्या एवढंच म्हणाल्या, "बघावं."

त्या 'बघावं'चा अर्थ मला फार उशिरा कळला. तो सांगायचाच आहे, पण आधी दुधीचं करायचं काय ते सांगते. कारण तुमच्यापैकी बरेच जण आता गच्चीवर, बाल्कनीत कुंड्या-पिंप ठेवून वेल लावताहेत, आणि पहिल्या कौतुकाचे दोन दुधी संपले की पुढच्या वीस दुधींचं काय करायचं हा प्रश्न तुम्हालाही पडणार आहे.

दुधीचं वय ओळखा

बाजारातून आणलेला दुधी साधारण एकाच वयाचा असतो. घरी वेल असला की कळतं, दुधी ही एक भाजी नाही, तीन भाज्या आहेत. कोवळा, भरलेला आणि जून. ओळखायची रीत सोपी आहे. सालीला हलकेच नख लावायचं. नख लोण्यात गेल्यासारखं गेलं तर कोवळा. जरा जोर लागला तर भरलेला. नख सरकलं, साल चकचकीत आणि टणक लागली तर जून. कोवळ्या दुधीच्या अंगावर बारीक लवही असते.

कोवळा दुधी सोलायचा नाही. धुवायचा, चाखायचा आणि सालीसकट फोडी करायच्या. यात चणाडाळ हवीच. वाटीभर डाळ दोन तास भिजत घालायची. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, मग डाळ, वाफ आली की फोडी. पाणी घालायचं नाही. दुधीत शंभरातले पंचाण्णव भाग तरी पाणीच असतं, तेच पुरतं. झाकणावर मात्र पाणी ठेवायचं. आईंची भाजी गोडा मसाला, आमसूल आणि गुळाचा खडा घातलेली असायची. वाड्यात शेजारी राहणाऱ्या गुजराती बा तीच भाजी लसूण, धणे-जिरे आणि टोमॅटो घालून करायच्या. आता माझ्या भाजीत गूळही असतो आणि टोमॅटोही. मुलं पुण्याच्या आत्याकडे जाऊन "आमच्याकडची दुधीची भाजी" सांगतात, ती हीच. ना इकडची ना तिकडची, बडोद्याची.

कोवळ्या दुधीचं दह्यातलं भरीतही करून बघा. फोडी वाफवायच्या, गार करायच्या, डावाने जरा मोडायच्या. त्यात घट्ट दही, दाण्याचं कूट, मीठ, चिमूटभर साखर आणि वरून तुपात जिरं-हिंग-हिरव्या मिरचीची फोडणी. ज्यांना दुधी अजिबात चालत नाही तेसुद्धा हे खातात, असा माझा अनुभव आहे. फक्त त्यांना आधी सांगायचं नाही.

किसला की वाढतो

भरलेला दुधी किसायचा. किसलेल्या दुधीची तीन कामं आमच्याकडे ठरलेली आहेत.

पहिलं थालीपीठ. किसात मीठ घालून पाच मिनिटं ठेवायचं, पाणी सुटतं, त्या पाण्यातच मावेल तेवढी भाजणी. तिखट, ओवा, तीळ, कोथिंबीर. वरून एक थेंबही पाणी घालायचं नाही, नाहीतर थापताना पंचाईत होते. डब्यात दिलं तरी दुपारपर्यंत मऊ राहतं, म्हणून नोकरी करणाऱ्यांना हे सोयीचं.

दुसरं मुठिया. हे मी बांकडून शिकले. दोन वाट्या किस, वाटीभर भाखरीचं जाडसर पीठ, अर्धी वाटी बेसन, आलं-मिरची, हळद, साखर, लिंबू, दोन चमचे तेलाचं मोहन आणि चिमूटभर सोडा. किस आधी जरा पिळून घ्यायचा आणि ते पाणी बाजूला ठेवायचं, पीठ कोरडं वाटलं तरच लागेल तेवढं घालायचं. हाताला तेल लावून लांबट वळकट्या करायच्या आणि वीस-पंचवीस मिनिटं वाफवायच्या. सुरी घातली आणि कोरडी निघाली की झाल्या. माझी सुरुवातीची चूक म्हणजे मी गरम असतानाच कापायची आणि सगळ्याचा भुगा व्हायचा. बा म्हणायच्या, कोथिंबीर वडी गरम कापतेस का? मग? पूर्ण गार झाल्यावर काप करायचे आणि मोहरी-तीळ-कढीपत्त्याच्या फोडणीत कडा खरपूस होईपर्यंत परतायचे. सकाळी वाफवून ठेवल्या तर संध्याकाळी दहा मिनिटांत खाणं तयार.

तिसरा हलवा. गाजराच्या हलव्याचं कौतुक फार, पण दुधीचा हलवा चांगला जमला तर तो जास्त नाजूक लागतो. एक किलो किस, मधला बियांचा भाग काढून. चार चमचे तुपात किस पाणी आटेपर्यंत परतायचा. मग लिटरभर सायीचं दूध, आणि मंद आचेवर आटवत राहायचं. साखर साधारण दोनशे ग्रॅम, पण दूध आटल्यानंतर. आधी घातली तर पुन्हा पाणी सुटतं आणि किस शिजायचा राहतो. वेलची, बदाम. हिरवा रंग घालू नका. घरच्या दुधीचा स्वतःचा फिकट हिरवा रंग त्यापेक्षा सुंदर दिसतो. नवरात्रात उपासालाही चालतो, आणि बडोद्याच्या नवरात्रात रात्री दोनला गरब्याहून परतलेल्या मुलांना फ्रिजमधला गार हलवा मिळाला की ती सकाळपर्यंत काही मागत नाहीत.

साल आणि जून दुधी

भरलेल्या दुधीची साल फेकू नका. बारीक चिरून थोड्या तेलात मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतायची, तिच्यात तीळ, सुकं खोबरं, लसूण, लाल तिखट, मीठ घालून भरड वाटायचं. ही कोरडी चटणी आठवडाभर टिकते. मुलगा वसतिगृहात होता तेव्हा या चटणीचा डबा पहिल्या रात्रीच संपायचा.

जून दुधीचा गर शिजत नाही, चोथा होतो. पानांआड लपून राहिलेला एखादा दुधी दर वर्षी जून होतोच. तो तोडायचा नाही, वेलावरच वाळू द्यायचा. देठ सुकला, साल तपकिरी झाली आणि हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की काढायचा. या वाळलेल्या कवचाचेच पूर्वी तुंबे व्हायचे. साधूंचं पाण्याचं भांडं, एकतारीचा, तंबोऱ्याचा भोपळा, हे सगळं दुधीच्याच जातीतलं. फक्त तंबोऱ्याला वापरतात तो कडू भोपळा. खायचा आणि वाजवायचा असे हे दोन भाऊ.

आणि माझी चूक नेमकी इथे झाली.

कडू दुधी

आई गेल्या त्या वर्षी माझ्या दिरांनी हौसेने भिंतीच्या दुसऱ्या टोकाला तुंब्याचा वेल लावला. त्यांना स्वतःच्या हाताने एकतारी करायची होती. वेल छान आला, तुंबे वाळले, एकतारीही झाली. त्याच मोसमात मी आमच्या दुधीच्या वेलावरचा एक दुधी बियांसाठी राखला, आई करायच्या तसाच. बिया राखेत घोळवल्या आणि त्याच बाटलीत भरल्या. मला वाटलं, आईंचं काम मी पुढे नेते आहे.

पुढच्या पावसाळ्यात दोन बिया लावल्या, दोन वेल आले. एकाचे दुधी आम्ही पंधरा दिवस खाल्ले, नेहमीसारखे गोड. दुसऱ्या वेलाचे उशिरा लागले. ते जरा बुटके होते, बुडाशी फुगीर. मला वाटलं, यंदा पाऊस जास्त म्हणून असेल.

त्या सुमारास यजमानांना रोज सकाळी दुधीचा रस प्यायचं वेड लागलं होतं. कुणीतरी मोबाइलवर पाठवलं होतं, हृदयाला चांगला म्हणून. त्या दिवशी मी घाईत होते. दुसऱ्या वेलाचा एक दुधी काढला, चिरला, पुदिना-आलं घालून मिक्सरला लावला. चाखला नाही. आई असत्या तर तो विळीवरून पुढे गेलाच नसता.

पहिल्या घोटालाच यांनी तोंड वाकडं केलं. "कडू आहे." मग स्वतःच म्हणाले, "कडू म्हणजे गुणकारी. कारलं नाही का खात आपण?" आणि पेला संपवला.

अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब, पोटात पिळवटून दुखणं, अंगाला घाम. मुलाने गाडी काढली. दवाखान्यात पोचलो तेव्हा रक्तदाब इतका खाली गेला होता की यांना धड बसताही येत नव्हतं. डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं. मी रसाचं सांगितल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न होता, "कडू होता का?" त्या प्रश्नाने माझ्या पोटात गोळा आला. म्हणजे हे त्यांना माहीत होतं, आणि मला नव्हतं.

दोन दिवस सलाइनवर काढले. तिसऱ्या दिवशी हे घरी आले. आमचं नशीब चांगलं. सगळ्यांचं तसं नसतं. आपल्या देशात कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती आणि तिचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. दुधी, काकडी, भोपळा या कुळातल्या वेलींमध्ये कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. वेल आपल्या बचावासाठी ती तयार करतो. गोड दुधीत ती नगण्य असतात, कडू दुधीत भरपूर. त्यावर उतारा असं औषध नाही. उपचार म्हणजे सलाइन, उलट्या-पोटदुखीवरची औषधं आणि लक्ष ठेवणं. कारल्याचा कडूपणा वेगळ्या द्रव्यांचा असतो, म्हणून कारल्याचा दाखला इथे लागू पडत नाही.

मग आमच्या गोड वेलाच्या बिया कडू निघाल्या कशा? नंतर वाचून, विचारून कळलं ते असं. दुधीच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी येतात. दिराच्या तुंब्याच्या नर फुलाचा पराग आमच्या दुधीच्या मादी फुलावर पडला असणार. त्याने त्या वर्षीचा दुधी कडू होत नाही, कारण गर आईचा असतो. पण आतल्या बिया दोघांच्या असतात. कडूपणा पुढच्या वर्षी दिसतो, आणि तोही सगळ्या बियांत नाही. एका दुधीतल्या दोन बिया, एक गोड, एक कडू. बाहेरून ओळखायला काही नाही. उन्हाचा किंवा पाण्याच्या ओढीचा ताण पडूनही कधी कधी कडूपणा वाढतो. म्हणून बाजारचा असो की घरचा, चाखण्याला पर्याय नाही.

एवढं लक्षात ठेवा

दुधी चिरला की देठाकडचा एक छोटा काप जिभेवर ठेवायचा. कडू लागला तर लगेच थुंकायचा, चूळ भरायची आणि अख्खा दुधी फेकून द्यायचा. "थोडासाच कडू आहे, शिजवल्यावर जाईल" हा समज खोटा. शिजवून, मीठ-साखर घालून, ताकात कालवून हे विष जात नाही. घरचा वेल असेल तर त्या वेलाचा कुठलाच दुधी खायचा नाही, वेल उपटायचा आणि त्याचं बी ठेवायचं नाही. रस काढणार असाल तर आणखी जपून, कारण भाजीत कडू फोड लागली तर माणूस ताट बाजूला सारतो, पण रसाचा पेला औषध म्हणून एका दमात रिकामा होतो. रसात दुसरे रस मिसळू नका, कडू चव झाकली जाते. आणि रस प्यायल्यावर मळमळ, उलटी, पोटदुखी सुरू झाली तर घरगुती उपाय करत बसू नका. तडक दवाखाना गाठा आणि काय प्यायलात ते सांगा.

बाटली रिकामी केली त्या दिवशी

यजमान घरी आल्यावर मी दोन्ही वेल उपटले. गोड होता तोही, कारण त्याच्या शेजारी दोन महिने कडू वेल फुलला होता. मग फडताळातली बाटली काढली. तिच्यात आईंच्या हातच्या बियाही होत्या आणि माझ्याही, एकमेकींत मिसळलेल्या. वेगळ्या करता येणं शक्य नव्हतं. हे म्हणाले, राहू दे, आठवण म्हणून ठेव. पण आठवण म्हणून ठेवलेलं बी उद्या कुणीतरी मातीत टोचणारच. मी सगळ्या जाळून टाकल्या. त्या दिवशी मला आई गेल्या तेव्हापेक्षा जास्त रडू आलं, हे आज पहिल्यांदाच सांगते आहे.

दोन वर्षं जिना मोकळा होता. मग एकदा बांना भेटायला गेले. त्या आता मुलाकडे राहतात, नव्वदीच्या घरात आहेत. बोलता बोलता हे सगळं सांगितलं. बा उठल्या नाहीत, सुनेला हाक मारली आणि गुजरातीत म्हणाल्या, दुधीचं बी दे हिला. वाडा पाडायच्या आधी आईंनीच त्यांना ते दिलं होतं, आणि त्यांच्या अंगणात तो वेल दर वर्षी होत आला होता. तिथे जवळपास तुंबा नव्हता, हे मी दोनदा विचारून घेतलं.

ते बी लावून आता तिसरा मोसम. बी धरायचं काम मुलीने अंगावर घेतलंय. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि सकाळी कोमेजतात, म्हणून ती ऑफिसातून आली की मोबाइलचा उजेड घेऊन जिन्यावर चढते. मागे इवलासा दुधी असलेली ती मादी, नुसता देठ असलेला तो नर. उद्या उमलेल अशा मादी कळीला आदल्या दिवशीच मलमलीची पिशवी बांधते, नर कळीलाही. उमलली की नर फूल तोडून, पाकळ्या काढून मादी फुलाच्या मधोमध फिरवते आणि पिशवी पुन्हा दोन दिवस बांधून ठेवते. म्हणजे कुठल्या परक्या वेलाचा पराग येत नाही. त्या दुधीच्या देठाला लाल दोरा बांधलेला असतो. तो कुणी तोडायचा नाही.

काल तिनेच भाजीला दुधी घेतला. देठाकडचा काप काढला, चावला आणि "गोड आहे" म्हणाली. तिला हे शिकवायची वेळ माझ्यावर आली नाही. दवाखान्यातल्या त्या दोन रात्री तिने पाहिल्या आहेत.

लाल दोऱ्याचा दुधी दिवाळीनंतर वाळेल. बडोद्यात ज्यांच्याकडे एक पिंप माती आणि वेल चढवायला एखादी दोरी आहे, त्यांना दोन-दोन बिया आनंदाने देईन. राखेत घोळवूनच देईन. अट एकच. पहिला दुधी कापाल तेव्हा आधी चाखाल, आणि दुसरा, तिसरा, विसावा कापतानाही.